आता कुणासाठी? : चमचाभर तेलाचा जमाखर्च



गेल्या महिन्यात चार दिवस लातूरला माहेरी गेले होते. सकाळी धाकट्या बहिणीबरोबर मंदिरात गेले. अभिषेक झाला, गंधोदक घेतलं, स्वाध्याय आटोपला आणि नेहमीप्रमाणे आम्ही बायका बाहेर ओट्यावर टेकलो. तेवढ्यात एकीनं माझ्या बहिणीकडं निरखून बघत विचारलं, "चेहरा लई चमकायलाय की आज. काय लावायलीस?" बहीण भोळी. तिनं खरं ते सांगून टाकलं. "काही नाही हो, रोज सकाळी पाच मिनिटं तेलानं मालिश करते. सुरकुत्या जरा मऊ दिसतात." त्यावर दुसरी हसत म्हणाली, "अगं, पण आता कुणासाठी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर मला त्या बाईपेक्षा माझ्या हसण्याचा जास्त राग आला. माझ्या बहिणीचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. 'आता कुणासाठी' याचा अर्थ ओट्यावरच्या प्रत्येकीला कळला होता, तिलाही कळला होता आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशाजवळच्या फळीवर तेलाची बाटली दिसली नाही. ती स्वयंपाकघरात, मोहरी-जिऱ्याच्या डब्याशेजारी जाऊन बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे अक्का. उगी कशाला बोलून घ्यायचं? फोडणीत संपून जाईल."

म्हणून हा लेख. ओट्यावर जे बोलायला हवं होतं आणि बोलले नाही, ते इथं लिहिते.

माझं भांडण दोघांशी आहे. एक, मोबाईलवरून 'सात दिवसांत सुरकुत्या गायब' असं ओरडणाऱ्यांशी. दोन, मंदिराच्या ओट्यावर बसून 'आता कुणासाठी' विचारणाऱ्यांशी. वरवर बघितलं तर हे दोघं एकमेकांचे विरोधक वाटतात. पण नीट बघा, दोघांचा हिशेब एकच आहे. बाईचा चेहरा म्हणजे दुसऱ्यानं बघायचा माल. पहिला म्हणतो, माल खराब झाला, दुरुस्त करून घ्या. दुसरा म्हणतो, गिऱ्हाईकच राहिलं नाही, आता कशाला पुसतेस? तो चेहरा तिचा स्वतःचा आहे, सकाळी उठल्यावर तो तिलाच धुवायचा आहे, ही साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात शिरत नाही.

आधी पहिल्या पक्षाचं बघू. लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यात होतं तेव्हा मी तिथं बी.कॉम. झाले. लग्न होऊन नांदेडला आले आणि पुढं कित्येक वर्षं घरच्या दुकानाची खातेवही मीच लिहिली. त्यामुळं कुणी काही फायद्याचं सांगू लागलं की माझा हात आधी जमा-नावेकडं जातो. चेहऱ्याच्या मालिशचंही तसंच करू.

जमेला काय आहे? मालिश केल्यावर चेहऱ्यातलं रक्त खेळतं. जपानमध्ये पाच मिनिटं गालावर रोलर फिरवून हे मोजून बघितलेलं आहे. तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. रोलर फिरवणं थांबवल्यानंतर निदान दहा मिनिटं तरी गालाचा रक्तप्रवाह वाढलेला होता. रात्रभर झोपून उठल्यावर डोळ्यांखाली, गालावर जी सूज असते, ती हलक्या हातानं चोळल्यावर लवकर उतरते. तेलानं कोरडी कातडी मऊ होते. कोरड्या कातडीवरच्या बारीक रेघा उन्हात भेगाळलेल्या जमिनीसारख्या ठळक दिसतात. ओल मिळाली की त्या बुजल्यासारख्या वाटतात. शिवाय दिवसभर आवळून धरलेला जबडा आणि कपाळाची आठी सैल होते. आठी सैल झाली की माणूस आपोआप दोन वर्षांनी लहान दिसतं, त्याला डबी लागत नाही.

आता नावे काय? हा सगळा फायदा काही तासांचा आहे. दुपारपर्यंत चेहरा पुन्हा होता तसा. सुरकुती ही काही वरून पडलेली घडी नाही की इस्त्री फिरवली आणि गेली. कातडीच्या खालच्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात. त्यांच्यामुळं कातडी ताणली तरी परत जागेवर येते. वयानुसार हे धागे कमी होतात आणि तुटतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत बाईच्या कातडीतलं साधारण ३० टक्के कोलॅजन जातं असं डॉक्टर सांगतात. बोटं वरून फिरतात आणि गळती झालेली असते आत. बोटांनी चोळून ते धागे परत विणले जातात याचा पुरावा कुणी दाखवत नाही, दाखवतात ते फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो. आधीच्या फोटोत बाई ट्यूबलाइटखाली रडवेली उभी असते आणि नंतरच्या फोटोत खिडकीच्या उजेडात हसत असते. एवढा फरक तर आमच्या कॉलनीतला फोटोवालाही पाडून देतो.

कुणी म्हणेल, चेहऱ्याच्या व्यायामाचा अमेरिकेत अभ्यास झालाय. झालाय. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉक्टरांनी केला आणि २०१८ सालीच तो तिथल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात आला. तो मालिशचा नव्हता, गाल फुगवणं, वर उचलणं अशा व्यायामांचा होता. पण जवळचा म्हणून धरू. ४० ते ६५ वयाच्या २७ बायकांनी सुरुवात केली, शेवटपर्यंत टिकल्या १६. पहिले आठ आठवडे रोज ३० मिनिटं, पुढचे बारा आठवडे एक दिवसाआड. शेवटी फोटो बघून डॉक्टरांनी सरासरी वयाचा अंदाज केला, तो ५०.८ वरून ४८.१ वर आला. म्हणजे साधारण पावणेतीन वर्षांचा फरक. मी बेरीज केली. ९८ वेळा अर्धा तास म्हणजे ४९ तास. तुलनेसाठी व्यायाम न करणाऱ्या बायकांचा वेगळा गटही नव्हता. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतः मोठ्या अभ्यासाची गरज सांगितली. आणि आपल्याकडं आलेल्या व्हिडिओत मात्र 'शास्त्रानं सिद्ध झालं, साठीची बाई चाळिशीची दिसली' एवढंच उरलं. पावणेतीनाचे वीस कसे झाले? दुकानाच्या वहीत असली बेरीज केली असती तर आमच्या मामंजींनी वही हातातून काढून घेतली असती.

मग सुरकुत्या येतात कशानं? वय तर आहेच, पण वयाच्या बरोबरीनं ऊन. एका अमेरिकन मासिकात २०१२ साली एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. त्यानं २८ वर्षं ट्रक चालवला. खिडकीकडची डावी बाजू एखाद्या नव्वदीच्या म्हाताऱ्यासारखी, उजवी बाजू त्याच्या वयाची. चेहरा एकच, माणूस एकच, फक्त ऊन एका बाजूनं. काचेतूनसुद्धा यायचं ते ऊन आलंच. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात नऊशेच्या वर लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जे रोज नेमानं उन्हाचं मलम लावत होते, त्यांच्या कातडीचं म्हातारपण मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी दिसलं.

आता आपल्या मराठवाड्याचं ऊन आठवा. मे महिन्यात पारा बेचाळीसवर. गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, वर्षाची ज्वारी वाळवणं हे सगळं त्याच उन्हात. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी नव्हतं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे साऱ्या देशानं टीव्हीवर बघितलं. त्या वर्षी माझी बहीण टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी होती, डोक्यावर पदर, डोळे बारीक करून. तिच्या डोळ्यांच्या कडेच्या रेघा मी बघते तेव्हा मला ती रांग दिसते. कुठल्या तरी शहरातल्या थंडगार खोलीत बसून एखादी पोरगी मोबाईलवर सांगते, 'आंटी, आपण स्वतःकडं लक्ष दिलं नाही म्हणून या सुरकुत्या आल्या.' स्वतःकडं लक्ष द्यायचं होतं, बाई. पण टँकर आठवड्यातून एकदा यायचा.

बहिणीनं पहिल्यांदा तेल नव्हतं लावलं, हेही सांगते. आधी ती दुसऱ्याच जाळ्यात सापडली होती. यजमान गेल्यानंतर दोनेक वर्षांनी ओळखीतली एक बाई घरी आली, एक पेटी घेऊन. त्यात हिरव्या दगडाचा रोलर, त्याच दगडाची चपटी पट्टी, एक सीरम आणि एक बिननावाची क्रीमची डबी. सगळे मिळून ४,८०० रुपये, तेही दोन हप्त्यांत. क्रीम लावल्यावर पहिले पंधरा दिवस चेहरा उजळला, सगळ्या म्हणाल्या, वा! मग लावायचं थांबवलं की आग व्हायची, म्हणून परत लावायची. दोन महिन्यांत गाल लाल, बारीक पुटकुळ्या, उन्हात गेलं की भाजल्यासारखं. कातडीच्या डॉक्टरांनी डबी बघितली आणि म्हणाले, यात स्टेरॉइड असावं. चेहऱ्यावर अशी मलमं लावून आपल्या देशात इतक्या जणांचे चेहरे बिघडले की केंद्र सरकारला २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई करावी लागली. पण डबीवर नावच नसेल तर मनाई कशाला लावायची? डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलं. चेहरा शांत व्हायला सहा महिने लागले. त्यानंतर त्यांनाच विचारून ती साध्या तेलावर आली. म्हणजे ज्या तेलावर ओट्यावर हसू झालं, ते तिच्या शहाणपणाचं तेल होतं.

या बाजाराबद्दल जैन बाई म्हणून मला आणखी एक बोलायचं आहे. मोबाईलवरचे घरगुती लेप बघा. मध लावा. अंड्यातला पांढरा बलक लावा. बटाट्याचा रस चोळा. परदेशी क्रीम बघा. गोगलगाईचा चिकट स्राव घातलेली क्रीम विकायला आहेत आणि आपल्या घरातल्या मुली ती मागवतात. पिण्याच्या कोलॅजनच्या पुड्या येतात. ते कोलॅजन माशांच्या किंवा जनावरांच्या कातडी-हाडांतूनच काढतात, झाडाला कोलॅजन लागत नाही. काही क्रीममधलं स्क्वालेन शार्क माशाच्या यकृतातून येतं, काहींतलं उसाचं किंवा ऑलिव्हचं असतं. नुसतं नाव वाचून ते कळत नाही. लाल रंगासाठी कार्माइन असेल तर तो किडे वाटून केलेला रंग आहे. आपल्या घरात मधाचा थेंब पोटात जात नाही, मग तो गालावर कसा चालतो? जीव तर तेवढेच जातात. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांना २०१४ साली बंदी आली याचा आपल्याला आनंद झाला होता. पण डबीच्या आत काय आहे हे वाचायचं काम आपलंच आहे. वाचता येत नसेल, अक्षर बारीक असेल, तर सरळ घेऊ नका. वाचता न येणाऱ्या कागदावर आपण सही करतो का?

आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग परिमाण आहे. तेल, उटणं, गंध, कपडे, दागिने, किती वापरायचं याची स्वतःच स्वतःला घातलेली मर्यादा. 'काहीच वापरू नका' असं हे व्रत म्हणत नाही. मोजून वापरा म्हणतं. घरातल्या करडईच्या तेलाचा अर्धा चमचा हे परिमाण आहे. ४,८०० रुपयांची पेटी, तीन महिन्यांनी दुसरी पेटी, मग कपाळात सुया, ज्यांचा परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि पुन्हा टोचाव्या लागतात, या वाटेला परिमाण नाही. ती उधारीची वही आहे, कधी मिटत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडं वळते. हे जास्त अवघड आहे, कारण ही माझीच माणसं आहेत.

ओट्यावरच्या मैत्रिणी म्हणतील, अनित्य भावना वाचतेस ना? अशुची भावना वाचतेस ना? देह म्हणजे मळाचं घर, त्याला काय तेल चोळायचं? बरोबर आहे. बारा भावना मीही रोज म्हणते. मुनी महाराज स्नान करत नाहीत, केशलोच करतात, देहाचे कसलेच लाड नाहीत. कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली. आपल्या कितीतरी घरांत त्यांचा फोटो आहे. त्या थकलेल्या देहापुढं आपण हात जोडतो, त्यावरच्या सुरकुत्या कुणी मोजत नाही. खरंच त्या पायरीला पोचलेल्या माणसानं मला विचारलं असतं की बाई, तेल कशाला, तर मी मान खाली घातली असती.

पण विचारलं कुणी? जिच्या हातात सहा बांगड्या सोन्याच्या, अंगावर पैठणी, केसांना महिन्यातून एकदा काळा रंग. तिला अशुची भावना फक्त दुसरीच्या चेहऱ्यावर आठवली. पंचकल्याणकाला पाच तोळ्यांचं मंगळसूत्र घालून मिरवलं तर ते घरंदाजपण, आणि विधवेनं अर्धा चमचा तेल लावलं तर तो मोह. आपल्या मंदिरात सत्तरीचे काका मिशांना कलप लावून पूजेला उभे राहतात. त्यांच्या घरच्याही वारल्या आहेत. त्यांना कधी कुणी विचारलं का, काका, आता कुणासाठी?

शास्त्रात आठ मद सांगितले आहेत. त्यात शरीराचा, रूपाचा मद आहे, तो सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच यादीत तपाचाही मद आहे आणि ज्ञानाचाही आहे. 'मी दहा उपवास केले', 'मी असले चोचले करत नाही' असं म्हणताना जो ताठा येतो, तो त्याच यादीतला आहे. माझ्या बहिणीला रूपाचा मद चढला असेल नसेल, मला दिसला नाही. तपाचा मद मात्र त्या दिवशी ओट्यावर चांगला मांडी घालून बसला होता.

मोह नाही का यात? आहे. खोटं कशाला बोलू? सकाळी मालिश केल्यावर मीही आरशात जरा जास्त वेळ बघते. कपाळावरची आठी कमी दिसली की बरं वाटतं. श्रावकाच्या घरात मोह आहे म्हणून तर ते घर आहे, नाहीतर पिच्छी-कमंडलू घेऊन केव्हाच निघालो असतो. प्रश्न एवढाच की मोह किती, त्यात हिंसा किती आणि त्यातून दुसऱ्याला त्रास किती. अर्धा चमचा तेलाचा मोह आणि ओट्यावर एखाद्या बाईला चारचौघींत खाली बघायला लावणारा शब्द, यांतलं कर्म कुठलं जड, याचा ज्याचा त्यानं विचार करावा.

आणि देहाला हात लावणं आपल्या धर्मात पाप कधी होतं? अंतरंग तपांत वैयावृत्त्य आहे. थकलेल्या, आजारी साधूची सेवा करणं, त्यांचे पाय चेपणं, हे तप म्हणून सांगितलं आहे. दमलेल्या देहाला दुसऱ्याच्या हातानं विसावा मिळणं चांगलं, हे आपल्या आचार्यांना ठाऊक होतं. आता कुणी शब्दाला शब्द लावून म्हणेल की ते साधूंसाठी आहे, स्वतःसाठी नाही. कबूल. मग मला सांगा, माझ्या बहिणीची सेवा करायला कोण आहे?

माझ्या मनात खरं बोचतंय ते हेच आहे. आपण जन्मलो तेव्हा मालिश करणारी बाई आली. तिनं पायांवर पालथं घालून तेलानं चोळलं, नाक ओढलं, टाळू भरली. पोरी मोठ्या झाल्या तेव्हा दिवाळीत आईनं पहाटे उठवून तेल-उटणं लावलं. माझी आई चुलीच्या धुरानं डोळे चोळत यायची, तिच्या बोटांना करडईच्या तेलाचा वास असायचा, आणि ती कपाळाच्या मधून कानशिलाकडं अंगठे फिरवायची. बाळंतपणात पुन्हा सव्वा महिना कुणीतरी अंग रगडलं. मग आपण हेच सगळं पोरांना केलं, सासूबाईंचे पाय चेपले, आजारी नवऱ्याचं अंग पुसलं. आणि मग एक दिवस हात लावणारं कुणी राहत नाही. मुलं पुण्याला, हैदराबादला. ती फोन करतात, प्रेमानं करतात, पण फोनला हात नसतो. चार वर्षं माझ्या बहिणीच्या चेहऱ्याला तिच्या स्वतःशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. तीही तोंडावर पाणी मारायची आणि पदराला पुसायची, तेवढाच. त्या पाच मिनिटांत ती स्वतःच्या आईचं काम स्वतः करत होती. 'आता कुणासाठी' याचं उत्तर एवढं सोपं होतं, आणि मला ते ओट्यावर सुचलं नाही.

आता करायचं कसं ते सांगते, कारण चुकीचं केलं तर नुकसान होतं आणि व्हिडिओत ते सांगत नाहीत.

सकाळी हात स्वच्छ धुवा, चेहरा कोमट पाण्यानं धुवा, साबण नको. अर्धा चमचा तेल तळहातावर घ्या. आपल्याकडं घाण्याचं करडईचं तेल सहज मिळतं. त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं, तेच सूर्यफुलाच्या तेलातही असतं. इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठाच्या २०१३ सालच्या अभ्यासात सूर्यफुलाच्या तेलानं कातडीचं वरचं कवच शाबूत राहिलं आणि महागड्या ऑलिव्ह तेलानं ते कमजोर झालं. परदेशी नाव म्हणजे गुण जास्त असं नसतं. नवीन तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा.

हनुवटीपासून जबड्याच्या कडेनं कानापर्यंत. नाकाच्या बाजूपासून गालावरून कानशिलापर्यंत. कपाळाच्या मधून दोन्ही बाजूंना. प्रत्येक ठिकाणी आठ-दहा वेळा, हलक्या हातानं. कातडी ओढली जाऊन तिची घडी पडत असेल तर जोर जास्त झाला आणि तेल कमी पडलं असं समजा. डोळ्यांखाली फक्त अनामिकेनं, कारण त्या बोटाला जोर कमी असतो, आणि डोळ्यावर अजिबात दाब नको. काचबिंदू असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोळ्यांच्या आसपास जाऊच नका. मानेवरून हात वरून खाली, गळपट्टीच्या हाडापर्यंत अगदी हळू. गळ्याच्या दोन्ही बाजूंना मोठ्या रक्तवाहिन्या असतात, आपल्या वयात तिथं दाबायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर काळे-निळे डाग पडतात, हात आणखी हलका ठेवा. पुटकुळ्या, खाज, लाली असेल त्या दिवशी सुट्टी. पाच मिनिटं पुष्कळ झाली. मग मऊ मलमलच्या फडक्यानं जास्तीचं तेल टिपून घ्या.

आणि खरोखर सुरकुत्यांचीच काळजी असेल तर तेलापेक्षा छत्री घ्या. गच्चीवर जाताना पदर पुढं ओढा, साडेअकरा ते चार वाळवणाची राखण करत बसू नका. उन्हाचं मलम लावायचं तर घटक वाचून घ्या. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. आपल्यातल्या निम्म्या जणी डोळे बारीक करून वाचतात आणि कपाळावर आठ्या पाडून घेतात.

ओट्यावरच्या मैत्रिणींना माझी एकच विनंती आहे. तुम्हाला मालिश नको असेल तर करू नका. त्यागाची भावना आली असेल तर तुम्हाला माझा नमस्कार. पण त्याग आपला आपण करायचा असतो, दुसरीच्या हातातली बाटली काढून घेणं म्हणजे त्याग नव्हे. आणि मोबाईलवर 'साठीत चाळिशी' आलं तर ते पुढं पाठवण्याआधी दोन मिनिटं बेरीज करून बघा.

काल बहिणीला फोन केला होता. बाटली अजून स्वयंपाकघरातच आहे, निम्मी संपली म्हणाली, भाज्यांत. मी जास्त काही बोलले नाही. भाद्रपदात दशलक्षणाला मी पुन्हा लातूरला जाणार आहे, दहा दिवस राहणार आहे. सोबत नवी बाटली नेणार आहे. पहिल्या दिवशी तिला खुर्चीत बसवून मी स्वतः तिच्या कपाळावरून अंगठे फिरवणार आहे, आई फिरवायची तसे. मग दोघी तशाच मंदिरात जाऊ आणि त्याच ओट्यावर बसू. आणि क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तिची क्षमा मागणार आहे. कशाबद्दल ते तिला माहीत आहे.

जय जिनेंद्र.